मंग म्हातारा रडला काऊन?

हे अजून कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तिच्यापाशी तर नाहीच, कारण ती ऐकून नुसती गप्प बसली असती, आणि तिचं गप्प बसणं मला झेपत नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुमचं तोंड मला दिसत नाही. समोरच्याचं तोंड दिसत नसलं की माणूस जरा धीट होतो. माझा धीटपणा एवढाच.

मी इंग्रजीचा मास्तर होतो. आंजीच्या एका शाळेत एकवीस वर्षं काढली. आता निवृत्त आहे, नालवाडीत घर आहे, सकाळी फिरायला निघालो की बाप्ये झालेले विद्यार्थी गाडी थांबवून नमस्कार करतात. त्यातले बरेच माझ्या हातचा मार खाल्लेले. ते हसत हसत सांगतात, 'सर, तुमच्या मारानंच सुधरलो.' मीही हसतो. आणि घरी येऊन हात धुतो — का धुतो, सांगता येत नाही. सवय लागली आहे.

माझी शिकवण्याची एक पद्धत होती, आणि तिचा मला मोठा गर्व होता. अनोळखी इंग्रजी शब्द आला की घाबरायचं नाही, तोडायचा. मी फळ्यावर शब्द लिहायचो आणि ओरडायचो — मुंडकं! पोरं पुढचा तुकडा सांगायची. 'अनहॅपी'चं 'अन' उडवा, 'हॅपी' उरतो. मग — शेपूट! 'केअरलेस'चं 'लेस' छाटा, 'केअर' उरते. उरलं ते धड. धडाचा अर्थ घ्या, त्याला मुंडक्याचा नाहीतर शेपटीचा जोडा, झालं काम. खडूनं मी मुंडकं असं खाडकन उडवायचो की खडूचे दोन तुकडे व्हायचे. वर्ग हसायचा. पोरांनी मला नाव ठेवलं होतं, तोडफोड सर. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

पण त्या नावात दुसराही अर्थ होता, आणि तो मला तेव्हाही ठाऊक होता. मी मारायचो. छडी वगैरे नाही, छडीला मी कमी समजायचो. लाकडी पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर. डस्टर फेकून. कान धरून पोरगं बाकावरून वर उचलायचो, इतकं की टाचा जमिनीवरून सुटायच्या. एकाचं नाक फुटलं तेव्हा फरशीवर पडलेलं रक्त त्यालाच पुसायला लावलं. त्याचा गुन्हा? एका शब्दात दोनदा यायचं अक्षर त्यानं एकदाच लिहिलं होतं. आणि मारताना मला बरं वाटायचं. राग निघून जातो म्हणून नव्हे. वर्ग गप्प होतो ना — बावन्न पोरं एकदम श्वास धरतात — ती शांतता मला गोड लागायची.

सांगायचं ते हे नाही. हे आंजीत सगळ्यांना माहीत आहे.

आतली गोष्ट अशी, की मला इंग्रजी येत नव्हतं. म्हणजे मास्तरकी करण्यापुरतं येत होतं — गाईडात छापलेलं. गाईडाच्या बाहेरचा उतारा समोर आला की मी अडायचो. सबंध वाक्य वाचून त्याचा अर्थ मनात उतरतो, असं लोक म्हणतात. माझ्या तो कधी उतरला नाही. मी एकेक शब्द फोडत फोडत पुढे सरकायचो. ती मुंडक्याची पद्धत मी पोरांसाठी काढली नव्हती. मला तेवढंच जमत होतं, म्हणून तीच पद्धत.

प्रणाली नववीत होती. पहिल्या बाकावर बसायची. तिच्या आईचा, मंदाबाईंचा, गावाबाहेर भाजीचा मळा. वांगी, पालक, सांबार — म्हणजे कोथिंबीर. आंजीच्या बाजारात शाळेपासून हाकेच्या अंतरावर मंदाबाई पोतं अंथरून भाजी विकायच्या. पोरगी बारीक, तेल लावून दोन वेण्या घट्ट बांधलेली. बोलायची थोडं. पण तिची एक खोड होती. अवघड शब्द आला की ती त्याच्याकडे बघायचीच नाही. बोट तसंच पुढे सरकवायची, परिच्छेद संपेपर्यंत वाचायची, आणि मग परत मागे येऊन अर्थ सांगायची. नव्वद टक्के बरोबर. 'मुंडकं कुठं आहे तुझं?' असं मी एकदा दरडावलं तर म्हणाली, "पुढचं वाचलं का मागचं समजते, सर." सगळा वर्ग हसला. मी तिच्या पेरांवर दोन पट्ट्या दिल्या. तेव्हा ती रडली नाही, एवढं आठवतं.

पोळा होऊन आठवडा झाला असेल. बाजाराचा दिवस होता. गाईडात नसलेला एक उतारा मी वर्गात घेतला — कुठल्यातरी जुन्या प्रश्नपत्रिकेतला. एक म्हातारा, त्याचा एक लंगडा बैल. त्यात वाक्य होतं, की तो बैल म्हाताऱ्याला 'इन्व्हॅल्युएबल' होता. मी शब्द फळ्यावर लिहिला. मुंडकं! 'इन', पोरं ओरडली. 'इन' म्हणजे? 'नाही', सर! इनकरेक्ट, बरोबर नाही. इनकम्प्लीट, पूर्ण नाही. शाब्बास. धड? 'व्हॅल्युएबल', मोलाचा. म्हणजे मोल नसलेला. मी ऐटीत फळ्यावर लिहिलं, कवडीमोल. आणि वर समजावलंही — लंगडा बैल तो, त्याला काय किंमत?

प्रणालीचं बोट तोवर उताऱ्याच्या तळाशी पोचलं होतं. ती उभी राहिली. विचारल्याशिवाय उभं राहायची माझ्या वर्गात रीत नव्हती. म्हणाली, "सर, मले वाटते तो लय मोलाचा असन."

मी म्हटलं, बस खाली.

ती बसली नाही. उद्धटपणा नव्हता हो त्यात. आज मी शपथेवर सांगतो, नव्हता. तिला खरंच पडलेला प्रश्न होता तो. पुस्तकावर बोट तसंच ठेवून ती म्हणाली, "खाली लिवलं हाय न, बैल मेला तं तो तीन दिवस जेवला नाई, रडत बसला. कवडीमोल होता, मंग म्हातारा रडला काऊन?"

मी मारलं.

उजव्या हातानं, पूर्ण ताकदीनं, डाव्या कानशिलावर. माझा पंजा मोठा आहे. तळवा सबंध तिच्या कानावर बसला आणि असा आवाज झाला — कागदाची फुगवलेली पिशवी फोडली की होतो तसा. ती आडवी होऊन बाकाच्या कडेवर आदळली. वेणीची रिबीन सुटली. मी तिला वेणी धरून उभं केलं आणि परत हात उचलला, पण तिनं डोळे इतके गच्च मिटून घेतले होते, की हात तिथंच राहिला. वर्ग खाली पुस्तकात बघत होता. मी मारू लागलो की सगळे खाली बघायचे, ती शिस्तही मीच लावलेली.

आजवर मी मनाशी असं म्हणत आलो, की मला अर्थ माहीत नव्हता, चूक झाली, माणूस चुकतो. हे खोटं आहे. तिचा प्रश्न आणि माझा हात यांच्यामध्ये एक क्षण होता. छोटाच. त्या क्षणात मला तो उतारा सबंध कळला — लंगडा बैल, उपाशी म्हातारा, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा मला शब्द न तोडता अर्थ कळला, आणि तो एका चौदा वर्षांच्या पोरीनं दाखवला. ती चुकली म्हणून नाही मारलं मी. ती बरोबर होती, आणि ते मला समजलं होतं, म्हणून मारलं. घरी जाऊन शब्दकोश उघडला तोही खात्री करायला नव्हे. कुठं तरी खालच्या बाजूला आपलाही अर्थ छापलेला सापडेल, या आशेनं. नव्हता.

तुम्ही म्हणाल, झालं, हीच कबुली. नाही. इथवर तर मी मनातल्या मनात किती वेळा येऊन गेलो आहे. याच्या पुढे पाय उचलत नाही.

तिनं कानाला बोट लावलं आणि बोट बघितलं. बोटाला रक्त होतं. तिनं बघितलं आणि मी बघितलं, तिसऱ्या कोणी नाही. मी म्हटलं, जा, नळावर तोंड धुऊन ये, कानही धू. ती गेली. मागोमाग मी बाजारात निरोप पाठवला — मंदाबाईंना बोलवा, पोरगी उलट बोलते. का बोलावलं? पोरीनं घरी जाऊन सांगायच्या आत माझं सांगून व्हावं म्हणून. मला हे तेव्हाच सुचलं. या कामात माझं डोकं कधी अडखळलं नाही.

मंदाबाई तशाच आल्या. हाताला ओला चिखल, पदराला सांबाराचा वास. व्हरांड्यात पोरगी ओल्या तोंडानं उभी. मंदाबाई माझ्यापुढे हात जोडून म्हणाल्या, "काय केलं जी सर तिनं?" मी म्हटलं, भर वर्गात मला खोटं पाडते, चुकीचं शिकवता म्हणते. मंदाबाईंनी पोरीकडे बघितलं. "खरं हाय काय, वं? सरापुढं तोंड चालोते तू?" पोरगी काही बोलली नाही. मला आता वाटतं, तिला ऐकूच आलं नसेल. मंदाबाईंनी चिखलाच्या हातानं तिच्या गालावर चापट मारली. डाव्याच गालावर — समोरून मारताना उजवा हात तिथंच पडतो. आईची चापट ती, तिला काय जोर असणार? पण पोरगी कान धरून मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. माझ्यापुढे रडली नव्हती.

मी तीन पावलांवर उभा होतो. एक शब्द बोललो असतो — 'थांबा' एवढाच. इंग्रजीत नव्हे, मराठीत. नाही बोललो. उलट मंदाबाईंना म्हटलं, जाऊ द्या ताई, लहान आहे, मी माफ केलं.

माफ केलं. हे शब्द वापरले मी.

रक्ताचं मी कोणालाही सांगितलं नाही. त्यांनी घरी आठवडाभर कानात तेल घातलं. कान वाहायला लागला, ताप आला, तेव्हा वर्ध्याला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, पडदा फाटला आहे, लवकर आणायला हवं होतं. पुढे वर्षभर दवाखाना चालला, पण डाव्या कानाचं ऐकणं परत आलं नाही.

डॉक्टरांनी पडदा फाटल्याचं सांगितलं, त्याच आठवड्यात मंदाबाई शाळेत आल्या. मधली सुट्टी होती. स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिल्या, आत येईनात. मी बाहेर गेलो तर माझ्या पायांकडे बघत म्हणाल्या, "सर, माह्या हातानं पोरीचा कान गेला." मग त्यांनी मान वर केली. "पोरगी म्हणते, पहिलेच कान वाजून राह्यला होता, रगत आलं होतं, सरानं मारलं तवाच. मले बरं वाटावं म्हून म्हणते जी ते. तुमीच सांगा सर, तुमी तं होते. तुमची चापट कोण्या बाजूनं लागली होती?"

बघा, पोरीनं खरं सांगितलं होतं. आणि आईनं ते खोटं मानलं, कारण मास्तर असं करून वर माफ करणार नाही, हे तिच्या डोक्यातच बसेना. ती मला पकडायला आली नव्हती. आपली शिक्षा पक्की करून घ्यायला आली होती.

मी म्हटलं, "उजव्या. हलकीच."

एवढंच. दोन शब्द. डाव्याच्या जागी उजवा म्हटलं. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतकं मोजकं कधी बोललो नाही. मंदाबाईंनी मान हलवली, जसं काही त्यांना ठाऊकच होतं. मग त्या रडल्या, आणि मी त्यांची समजूत घातली. होतं ताई असं रागाच्या भरात, मुद्दाम थोडंच केलं तुम्ही. त्यांना त्यानं बरं वाटलं. मला आशीर्वाद देऊन गेल्या. पुढे कित्येक वर्षं बाजाराच्या दिवशी त्या माझ्या पिशवीत सांबाराची एक जुडी हक्कानं टाकायच्या. ती जुडी मी घरी न्यायचो, बायको चटणी वाटायची, आणि मी खायचो.

त्या सहामाहीत वह्या तपासल्या. 'इन्व्हॅल्युएबल'पुढे सगळ्यांनी 'कवडीमोल' लिहिलं होतं. मी तो अर्थ कधी दुरुस्त केला नाही. प्रणालीच्या वहीत शब्दापुढची जागा कोरी होती. मी खाली सही केली आणि वही परत दिली.

तिनं पुढे शिक्षण सोडलं नाही, हे तिचं कर्तृत्व. देवळीत एका औषधाच्या दुकानात कामाला लागली. मला ठाऊक नव्हतं. ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायला शिरलो तर काउंटरच्या मागे ती. माझ्या आधी एक म्हातारी गोळीच्या खोक्यातली माहितीची चिठ्ठी घेऊन उभी होती, इंग्रजी बारीक अक्षरांची. प्रणालीनं चिठ्ठी उघडली आणि बोट फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग वर येऊन म्हातारीला सांगितलं, ही उपाशीपोटी नको घेऊ आजी. माझी पाळी आली. मी नाव सांगितलं गोळीचं. तिनं मान वळवून उजवा कान पुढे केला आणि म्हणाली, "इकडून बोला, सर." आवाजात काही नव्हतं. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी परत बोललो. तिनं गोळ्या दिल्या. त्यानंतर मी देवळीला गोळ्या घेत नाही.

मागच्या वर्षी तिचं लग्न झालं. मंदाबाई स्वतः नालवाडीला पत्रिका घेऊन आल्या. हळदीलाच या म्हणाल्या, तुमच्याशिवाय कोणं शिकवलं तिले? गेलो. न जाण्याला कारण काय सांगणार होतो?

मंडपात बायका एकेक करून पोरीला हळद लावत होत्या. आईची पाळी आली. मंदाबाई हलल्या नाहीत. उजवा हात त्यांनी पदरात गुंडाळून घेतला होता. सगळ्या म्हणायला लागल्या, लाव न वं मंदे. त्या म्हणाल्या, "माह्या हातानं नको. हा हात एकडाव त्या गालावर पडला हाय. तवापासून मी तिच्या तोंडाले हात नाई लावला." तुम्ही ऐकता आहात ना? इतकी वर्षं. पोरीला ताप आला तरी, परीक्षेला निघाली तरी, त्या बाईनं आपल्याच पोरीच्या गालावरून हात फिरवला नव्हता. प्रणाली म्हणाली, "आई, किती डाव सांगू, तुह्यानं नाई झालं ते." बायकांचे डोळे भरून आले. पोरगी किती गुणाची, आईला सांभाळून घेते, असं कोणीतरी म्हणालं.

मी दहा हातांवर खुर्चीत बसलो होतो. शंभरेक माणूस असेल. उठून बोलायला किती लागतं? त्याच दोन शब्दांतला एक बदलायचा होता. डाव्या. जीभ टाळ्याला लागली होती, इतक्या जवळ आला होता शब्द.

तेवढ्यात मंदाबाई माझ्याकडे आल्या. पदरातल्या हातानंच डोळे पुसत म्हणाल्या, "सर, माह्या हातचं नाई तं नाई. तुमी तिच्या डोक्यावर हात ठेवा. तुमचा हात शुद्ध हाय." लोकांनी वाट करून दिली. मी उठलो. पाटाजवळ गेलो. प्रणाली हळदीनं माखलेली, मान खाली घालून बसलेली. वर बघितलं तिनं, माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे. मी उजवा हात उचलला.

तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सुखी राहा म्हणालो — डाव्या बाजूनं उभा होतो, तिला ऐकू आलं नसावं. शेजारी मंदाबाई पदर तोंडात धरून हुंदके देत होत्या. मंडपातल्या लांबच्या लोकांना वाटलं, पोरगी सासरी चालली म्हणून रडते. मंदाबाईंना वाटत होतं, आपल्या हातामुळे रडतो आपण. ती आई खरंच काऊन रडते, हे तिथं फक्त दोघांना, मला आणि प्रणालीला, कळत होतं, आणि त्यातल्या एकीचं कोणी खरं मानलं नव्हतं. मी हात काढून घेतला. बोटांना हळद लागली होती. ती रुमालाला पुसली आणि पंगतीला जाऊन बसलो. जेवलो.